एक बोट सीट

शनिवारी दुपारी परतवाड्याच्या स्टँडवर उतरले
तेव्हा मांडवाचे बांबू अजून रस्त्यातच पडलेले.
घरात एकवीस माणसं, एक मोरी,
आणि मी, बाळाची आत्या.
म्हणजे उद्याची मानाची बाई,
आज कुणाच्याच कामाची नाही.

गुणवंतभाऊ आचारी ओरडला, सांबार संपला.
मी आणते, म्हटलं. पायात चप्पल आधीच होती.
मोनाली बाजेवरून म्हणाली, लेक मांडीवर, डोक्याला रुमाल घट्ट:
"माही सायकल घ्या ताई. चेन उतरते.
पायडल उलटं मारजा, आपोआप बसते."

आठवीत शाळेतून मिळालेली, निळी.
मडगार्डवरच्या स्टिकरातून योजनेचं नाव गेलंय,
साल तेवढं राहिलंय.
माझे गुडघे हँडलला लागत होते,
म्हणून पान्यानं सीट एक बोट वर केली.

"मेन रोडनं नोका जाऊ, ट्रकवाले दाबतात.
बंद मिलची भिंत धरून जा.
थे संपली का उतार लागते.
तिथं पाय सोडून द्याचे."

दोन जुड्या सांबाराला मला पावणेदोन तास लागले.
गुणवंतभाऊनं तोवर शेजारून आणवला होता.
कुणी काही बोललं नाही, फक्त मामींनी
माझ्या साडीवरचं चेनचं ऑइल
सगळ्या पाहुण्यांना एकेक करून दाखवलं.

रविवारी पहाटे पुन्हा निघाले, न सांगता.
थंडी अशी की ब्रेकचं लोखंड बोटांना चावत होतं.
मंडीत संत्र्यांचे ढीग, त्यांवर गोणपाट,
गोणपाटावर झोपलेला एक पोरगा.
पुलाखाली बिच्छन, घोटाभर.
जुन्या स्टेशनात गाडी येत नाही,
तिकिटाच्या खिडकीतून एक शेळी बाहेर बघत होती,
जणू सुट्टे पैसे मागेल.

अचलपुरात दुल्हा दरवाजापाशी चाक बसलं.
सत्तारभाईंनी ट्यूब पाण्यात बुडवली,
बुडबुडा सापडेपर्यंत मी दरवाजाकडे पाहत राहिले.
हा नवरदेवाचा, म्हटलं,
मग नवरीच्या नावाचा दरवाजा कुठं?
ते ट्यूब घासता घासता हसले.
"दुल्हन तो घर में रैती बाजी."
दहा रुपये झाले. हवा फुकट.

अकराला पाळणा.
बायकांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या केलं,
मी वाकले, आणि पाठीवर बुक्क्यांचा पाऊस,
त्यात मामींचा एक जरा मनापासून.
कुर्रर्र करून ठरलेलंच नाव सांगितलं,
पत्रिकेतलं, सगळ्यांना पसंत असलेलं.
त्याच्या मागून, श्वासाएवढ्या आवाजात:
मिलची भिंत संपली की उतार आहे.
लेकीनं तोंड वाकडं केलं. भूक असेल.

मग पंगती. रोडगे, वांग्याची भाजी, वरणावर तूप.
मग अहेराचे ब्लाऊजपीस, ज्यांतला एक
मीच दोन वर्षांपूर्वी कुणाला तरी दिला होता.

चारपर्यंत घर ओसरलं.
"कुठवर गेल्ते?" मोनालीनं विचारलं.
दरवाजापर्यंत.
"बस?" ती म्हणाली. "त्याच्या पुढं तं मी रोज जाओ.
कॉलेज सुटलं का आंधी सपनाकडं,
मंग घराकडं. बाबाले सांगो, एक्स्ट्रा क्लास होता."
सपना मैत्रीण का, विचारलं.
"सापन व! नदी. आम्ही सपनाच म्हणो."
बोलता बोलता तिचा उजवा पाय
रजईबाहेर आला, घोट्यापाशी
हवेत हळूहळू गोल फिरत राहिला.
तिला ते माहीत नव्हतं.

माझी गाडी सहाची.
बॅग भरून अंगणात आले, सीटचा नट सैल केला,
तिच्या मापाला, एक बोट खाली.
दोन्ही चाकं दाबून पाहिली.

पाना परत कुठं ठेवायचा, कुणालाच ठाऊक नव्हतं.
बाळाच्या उशाखाली दृष्टीसाठी विळा होता,
त्याच्या शेजारी सरकवला.
लोखंडच ते.